घरगुती, लेव्हल शून्य

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्लेसमेंटचा पहिला दिवस. डिप्लोमाच्या शेवटी महिनाभर ऑफिसात काम करावं लागतं, त्याशिवाय सर्टिफिकेट नाही. ऑफिस माजलगावच्या मोंढ्यात, बियाण्याच्या दुकानावर. विद्यार्थी पाच. चार पोरं विशी-बाविशीची, पाचवा मी, सत्तेचाळीस. मोटार रिवाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. टायपिंग कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. कॉम्प्युटर तर पूर्ण उघडून, पुसून, परत जोडून शिकलो. दोन स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे दिले असणार.

काम असं. मारामारीच्या बारक्या व्हिडिओ क्लिपा येतात, आपण बघून लेव्हल द्यायची. शून्य, काही नाही. एक, धमकी. दोन, ढकलाढकली, फेकाफेक, तोडफोड. तीन, माणसानं माणसाला मारलं. चार, हत्यार किंवा रक्त. सगळं छापलेलं एक बुकही दिलं. आपण देऊ त्यावरून मशीन शिकणार. थोडक्यात मी मशीनचा मास्तर.

शेवटी वीस क्लिपांची परीक्षा. सतरा बरोबर आल्या की पास, आणि जो पहिला येईल त्याला कायमची नोकरी. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. वाइंडिंगचं दुकान आजच फोटोवाल्या पंडितला वर्षाच्या करारानं देऊन टाकलं. तारा म्हणाली, अहो, आधी परीक्षा तर होऊ द्या. बायकांना लांबचं दिसत नाही.

संकल्प: रागावर पूर्ण ताबा. स्वभाव मुळात शांतच आहे, पण लेखी असलेलं बरं.

५ फेब्रुवारी

दिवसभर क्लिपा. बसस्टँडवर दोघांची चपलांनी. लग्नात डीजेवरून खुर्च्या. गुरुजी आणि छडी. बाप आणि पोरगं, कानाखाली. शेवटच्या दोन्हींना शून्य दिलं, शेरा लिहिला: एक शिक्षण, एक संस्कार.

टीम लीडर करिष्मा मॅडम. बीडच्या, वय चोवीस. म्हणाल्या, काका, कारण बघायचं नाही. लागलं का, एवढंच बघायचं. मी म्हणालो, कारण न बघता मोटारसुद्धा दुरुस्त होत नाही. पोरं हसली. माझ्या बाजूनं.

बरोबर उत्तरं: निम्मी. मशीन अजून लहान आहे.

७ फेब्रुवारी

माउस फुटला. टेबलावर ठेवताना. तीनदा ठेवला. हल्लीच्या मालात दम नाही.

११ फेब्रुवारी

आजची क्लिप: उसाचा फड, दोन माणसं, एकाच्या हातात कोयता. पोरं लगेच चार द्यायला निघाली. त्यांना थांबवलं. माझे आईबाप चकलांब्याहून दरसाल ऊसतोडीला जायचे, मी फडातच रांगलो. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, हे ह्यांना कोण सांगणार? क्लिप सुरू होताच ओळखलं. ऊसतोड. शून्य. पुढची.

मॅडमनी तीच क्लिप परत उघडून सगळ्यांसमोर शेवटपर्यंत चालवली. कोयतेवाला ऊस सोडतो, दुसऱ्याच्या मागं धावतो, बांधावर गाठतो आणि खांद्यात घालतो. सदरा कमरेपर्यंत लाल. मी निदर्शनास आणून दिलं की घाव तिरपा आणि मनगटातून होता, म्हणजे पद्धत ऊसतोडीचीच. क्लिप फसवी आहे, बाद करा. केली नाही.

शेजारचा लखन म्हणाला, काका, पंचनाम्याला तुमी गेलात तर लिवताल, ऊस अंगावर पडला.

त्याची कॉलर वाकडी होती. सरळ केली. दोन्ही हातांनी, भिंतीला टेकवून. वरचं बटण त्याचं आधीच ढिलं होतं. मॅडमनी लेखी ताकीद दिली, परत असं झालं तर प्लेसमेंट रद्द. बाकी कुणाला ऑफिसनं आजवर लेखी काही दिलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

घरी सराव सुरू. क्लिपा गोपनीय, बाहेर नेता येत नाहीत, म्हणून स्वतः करून दाखवायच्या असं ठरवलं. तारा भाकरी थापत होती. बसस्टँडची क्लिप केली. एकानं दुसऱ्याला रेटलं, दुसरा केळीच्या गाड्यावर आदळला, गाडेवाल्यानं भलत्याच तिसऱ्याला झोडपलं. सगळी पात्रं मीच. कपाटाचा आरसा गेला.

तारा मागं न बघता म्हणाली, रेटलं ते दोन. झोडपलं ते तीन. आन् आरसा कुणी भरायचा?

उत्तरं बरोबर होती. अंदाजपंचे लागतात कधीकधी.

१९ फेब्रुवारी

सराव रोज. ताराची पद्धत अगदी अडाणी. प्रत्येक वेळी एकच विचारते, त्याला लागलं का? कुणाचं चुकलं, आधी कोण काय बोललं, काही नाही. लागलं का? मी म्हणतो, अगं, तो त्याचा सख्खा भाऊ होता. ती म्हणते, मग भावाला लागत न्हाई का?

ऑफिसात वीसपैकी सोळा. सकाळी गरम पाणी पितो त्याचा परिणाम.

२२ फेब्रुवारी

वरणात मीठ नव्हतं. ताट बाजूला सारलं. भिंतीपर्यंत गेलं.

तारा म्हणाली, फेकलं, पर कुणाला लागलं न्हाई. दोन.

मी म्हणालो, हे घर आहे, ऑफिस नाही. ती म्हणाली, मग सराव घरात कावून करता? उत्तर तयार होतं, पण संकल्प आठवला. बाहेर पडलो. जाताना दाराला पाय लागला, खालची फळी निघाली. आतून आवाज आला, एक!

चौकात जाऊन बुक काढून बघितलं. तोडफोड म्हणजे दोन. तिचं साफ चुकलं होतं. तसाच परत गेलो आणि पान उघडून दाखवलं. ती एवढी हसली की पदर तोंडात धरला. म्हणाली, तुमचंच खरं, दोन. जेवायला बसा. पुष्कळ दिवसांनी दोघं एकत्र जेवलो. अचूकपणाचे फायदे.

२७ फेब्रुवारी

वीसपैकी अठरा. पाचांत पहिला. लखननं युक्ती विचारली. सांगितलं, निरीक्षण. दाराजवळ लावायला पाटी रंगवायला टाकली: त्रिंबक, डेटा ॲनालिस्ट. फळी अजून बसवलेली नाही, पाटी आली की दोन्ही एकदम.

४ मार्च, मंगळवार

उद्या परीक्षा. डोकं शांत ठेवायचं म्हणून ऑफिस सुटल्यावर मोंढ्यात चहाला थांबलो. तिथं शेजारच्या सारजाबाईचे मालक, राधाकिशन. चारचौघांत म्हणाला, त्रिंबकराव, तुमच्या घरून लई भारी खूळ सुटलंय. काल जरा तांब्या आपटला तर आमची म्हणती, दोन झालं. नळावर सगळ्या बाया हिशोब लावत्यात. मी हसलो. मग म्हणाला, तुमचा तर तीन सांगितलाय वहिनींनी. हप्त्याला एखादा.

सगळे बघायला लागले. मी राधाकिशनला समजावलं. समजावताना त्याचा चष्मा गेला, नाकातून थोडं आलं. चहावाल्यानं मला मागून धरलं नसतं तर त्याला अजून नीट समजलं असतं.

घरी आलो. तारा चुलीपुढं. विचारलं, नळावर बोललीस का? म्हणाली, बोलले. त्यांनी इचारलं तुमच्यात किती, म्या सांगितलं. खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, घरातली गोष्ट शून्य असते. ती म्हणाली, बुकात कुठं हाय तसं? दाखवा. तुमच्या मॅडमच म्हणत्यात ना, लागलं का तेवढं बघायचं.

मी समज दिली. उजव्या हातानं, एकदा. तिच्या कानातलं फूल पडलं. मीच वाकून शोधलं, चुलीमागं राखेत सापडलं, पुसून तिच्या हातावर ठेवलं. ती कानावर हात धरून उभी होती. आकडा बोलली नाही.

म्हणजे तिलाही पटलं.

५ मार्च, सकाळ

तारा घरात नाही. खुंटीवरची पिशवी नाही. सारजाबाईनं तिच्या दारातूनच सांगितलं, पहाटंच्या गाडीनं आष्टीला गेली, भावाकडं. आणि दार लावून घेतलं. चष्म्याचा राग दिसतो.

मेव्हणा सटवा मेंढरं राखतो. एखादं आजारी असेल, बहीण आठवली असेल. संध्याकाळपर्यंत येईल. परीक्षेच्या दिवशी कुणी असं जातं का, हे तिला शांतपणे विचारायचं आहे.

चहा मीच केला. पिण्याजोगा झाला नाही.

५ मार्च, संध्याकाळ

परीक्षा झाली. क्लिपा अवघड होत्या. एकीत माणूस मिठी मारतोय असं वाटतं, तो गळा दाबत असतो. एकीत काठ्या चालतात, पण ती लेझीम. कुठंही अडलो नाही. प्रत्येक वेळी कानात येत होतं, लागलं का? आणि उत्तर सुचत होतं.

अठरावी क्लिप. स्वयंपाकघर. कॅमेरा वरच्या फळीवर. बाई गॅसपाशी. नवरा आत येतो, काही बोलतो, उजवा हात, एकदा. बाई पडत नाही. कानावर हात धरून उभी राहते. क्लिप संपते.

उत्तर माहीत होतं. कर्सर तीनवर नेलासुद्धा. मग म्हटलं घाई नको. पुढं तो खाली वाकून काही शोधतो का, हे बघायला परत चालवली. परत चालवली. क्लिप त्याआधीच संपते. म्हणजे माहिती अपुरी. मॅडम म्हणाल्या, काका, वेळ संपत आली.

शून्य दिलं. तत्त्वाचा प्रश्न होता. पुढच्या दोन घाईत केल्या, एक चुकली असावी.

तारा आली नाही. फोन बंद.

७ मार्च, शुक्रवार, दुपार

निकाल. सोळा. लखन सतरा.

मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, काका, गळा दाबलेला तुम्हाला दिसला, तो बाकी कुणालाच दिसला नाही. आणि ही एवढी सरळ क्लिप चुकली? मी म्हणालो, चुकली नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, एका उत्तराची सुधारणा देता येते, आज पाचच्या आत. फक्त आकडा मेसेज करा. सतरा झाले की पास, आणि बरोबरीत वयानं मोठ्याला जागा देतात, तसा नियम आहे.

नियम चांगला आहे.

लखन जिन्यात भेटला. म्हणाला, काका, पाठवून टाका की. म्या पोरगा हाय, मला कुठं बी मिळंल. त्याला हात लावला नाही. नोंद असावी.

७ मार्च, चार वाजता

सटवाचा फोन आला. म्हणालो, मेंढरू बरं आहे का? तो म्हणाला, कुठलं मेंढरू बे? मला बे म्हणाला, सख्खा मेव्हणा. मग म्हणाला, ताई इथंच बसलीय, ऐकतीय. कान सुजलाय तिचा. ती म्हणती, भांडायचं न्हाई, रडायचं न्हाई. मंगळवारचं किती होतं, तेवढं तुमच्या तोंडानं ऐकायचंय. मग यायचं का न्हाई ते ती बघंल.

मी म्हणालो, आवाज तुटतोय. सटवा म्हणाला, माझ्याकडं तर लख्ख येतोय. मागं बांगड्या वाजल्या. मी म्हणालो, हॅलो, हॅलो. फोन ठेवला.

पंडितकडं गेलो, दुकान परत मागायला. त्यानं करार दाखवला. त्याच्या शटरला माझी लाथ बसली. शटरला काही झालं नाही. अंगठा काळानिळा.

७ मार्च, सहा वाजता

पाच वाजून गेले. मॅडमचा मेसेज, काका, बंद करावं लागतंय, सॉरी.

घरात दिवा लावला नाही. उंबऱ्यात बसलो, दाराला खालची फळी नाही, वारा पायाला लागतो. ताराला मेसेज लिहिला आहे. फक्त आकडा. तीन.

पाठवण्याआधी बुकात एकदा खात्री करून घेतो.