आखाजीच्या आधीची भट्टी

नाना, मी भट्टी गार व्हायच्या आत उघडली. तुम्ही असता तर एवढ्या एका वाक्यावर उठून उभे राहिला असता, म्हणून तेच आधी लिहून टाकलं. पोरीच्या वहीची मागची पानं घेतली आहेत. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, चुका काढू नका. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्याआधी माय गेली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आता वाटलं कारण पाठ धरली आहे, दोन दिवस कामाला हात लागत नाही, आणि नुसतं बसलं की डोकं जळगावला तुमच्या अंगणात जाऊन बसतं.

झालं असं, की देवपूरच्या कॉलेजातल्या चित्रकलेच्या मॅडम महिनाभरापूर्वी आमच्या आळीत आल्या. म्हणाल्या, धुळ्यात मातीचं काम करणारे जेवढे आहेत त्यांची घरं एका रविवारी लोकांना बघायला उघडी ठेवायची. लोक नकाशा घेऊन घरोघर फिरतील, काम कसं होतं ते बघतील. आठ घरं. त्यातली पाच आमच्या कुंभारवाड्यातली, बाकीची देवपूरकडची. तिथं एक रिटायर मास्तर विजेच्या भट्टीत फुलदाण्या भाजतात आणि एका डॉक्टरची बायको चकचकीत कप करते. मी म्हटलं, आमची घरं तर उघडीच असतात, दाराला कडी कुठंय? मॅडम हसल्या. म्हणाल्या, "तसं नाही हो ताई, तुमचा स्टुडिओ बघायला येतील." नाना, आमच्या ओट्याला स्टुडिओ म्हणतात. चाक, चिखलाचा ढीग, बांधलेली शेळी आणि वाळत घातलेल्या गोधड्या, सगळं मिळून स्टुडिओ. दारावर पुठ्ठ्याची पाटी लागली, सहा नंबरची. खाली आमच्या ह्यांचं नाव आणि पुढं कलाकार. माझं नाव नव्हतं. मी विचारलंही नाही. पण बघितलं होतं.

आता भट्टीचं ऐका. आखाजी तोंडावर आली होती, मॅडम तिला अक्षय तृतीया म्हणतात. तुमच्याकडं जशी आखाजीला घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर भरतात, तशीच इथंही. आमच्या सासूच्या वेळेपासून ठरलेली घरं आहेत, ती दुसऱ्या कुंभाराकडं जात नाहीत. बाकी वर्षभर आम्हाला कोण विचारतं? पाण्याला फ्रीज आले, लग्नात स्टीलचे हंडे आले. पण मेलेल्या माणसाला मातीचीच घागर लागते. त्या सगळ्या घागरी याच भट्टीत होत्या. गुरुवारी पेटवायची ती मधे दोन दिवस आभाळ आल्यानं शनिवारी सकाळी पेटवली. म्हणजे उघडायची सोमवारी. रविवारी तिला हात लावायचा नाही, हे शेळीलाही कळतं.

घरात भट्टी मीच रचते. हे चाकावर बसतात, मी थापीनं ठोकून घागरीचं पोट वाढवते, आणि भट्टी रचते. खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, मग घागरी तोंडाला तोंड लावून, फटीत लहान भांडी, वर खापऱ्या, वर राख. कुठून वारा येईल, कुठं आग जास्त चढेल, ते मला रचतानाच दिसतं. हे रचणं कुणी शिकवलं? लोकांना वाटतं तुम्ही. तुम्ही नाही. त्याच्याकडं येते मी.

रविवारी लोक आले. गल्लीच्या तोंडाशी लुना आणि स्कूटरींची रांग, हातात झेरॉक्सचे नकाशे, काही तर जळगावहून जीप करून आलेले. सगळे चाकाभोवती. ह्यांच्या बोटांतून माती वर चढली की "वा, वा." ह्यांची कंबर दोन वर्षांपासून गेली आहे, तरी गडी ताठ बसला. मी बाजूला घागर ठोकत होते तर एक बाई म्हणाली, "ताई, जरा तो आवाज थांबवता का, ते काय सांगतायत ऐकू येत नाही." थांबवला. एका चष्मेवाल्यानं मला विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, "बापाच्या शिव्यांत." तो वहीत लिहून घ्यायला लागला.

मग मॅडम आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आणि भट्टी या ताई रचतात बरं का. ताई, आम्ही आहोत तोवर उघडून दाखवाल? लोकांना ते बघायचंय." आणि नाना, तीस-चाळीस माणसं वळली. चाकाकडं पाठ करून माझ्याकडं. मला लग्न होऊन वीस वर्षं झाली, माझ्या कामाकडं असं कुणी वळून बघितलं नव्हतं. हे चाकावरून म्हणाले, "उद्या. आज नाही होणार." मी म्हटलं, "उद्या कोण येणार आहे इथं?" ते म्हणाले, "अगं, हात लावून बघ, आग आहे." मी हात लावला. आग होती. मी म्हटलं, "बाजूनं थोडी उघडते, काही होत नाही."

राख ओढली, चार खापऱ्या काढल्या. आत घागरी लाल दिसत होत्या, खरं सांगते, फार देखण्या दिसत होत्या. लोक म्हणाले, "अहाहा!" आणि पांझरा नदीकडून वारा आला. पहिला आवाज झाला. टण्ण. मग दुसरा. मग एकजण म्हणाला, "ऐका, काय नाद आहे!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडम सांगत होत्या की माती श्वास घेते आहे. माझी आखाजी फुटत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. हे चाक सोडून उठले, कंबर धरून आले, फावड्यानं राख परत लोटायला लागले. गर्दीतली एक म्हातारी तेवढी पुढं आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, फुटी राहिन्यात ना त्या?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग हसू नको, लोकेसले सांग." मी हसत होते, नाना. मला कळलंच नव्हतं. चष्मेवाल्यानं जाताना एक फुटकी खापरी रुमालात बांधून नेली, आठवण म्हणून.

तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता. तुम्हीही ऐकला होता, लांबून, बैलगाडी घेऊन येताना. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तेव्हाही आखाजीचीच भट्टी होती. तेव्हा भट्टी माय रचायची. तुम्ही चाकावर, माय भट्टीवर, आणि आळीतले लोक म्हणायचे की तुमच्या भट्टीत शंभरात दोन फुटत नाहीत. त्या भट्टीत मायनं माझी घागर ठेवली होती. मुठीएवढी, मी केलेली पहिली. थापी नव्हती म्हणून पळीनं ठोकलेली. माय म्हणाली, कोपऱ्यात ठेवली आहे, परवा बघ. तुम्ही गाडी बघायला गेलात, माय पाण्याला गेली, आणि मी अंगणात एकटी उभी आहे. काठी घेते. फक्त कोपरा उकरायचा, बघायचं, परत झाकायचं. राख अंगावर येते, खापरी सरकते, आणि वारा आत जातो. टण्ण. माय हंडा टाकून पळत येते. आधी भट्टी झाकते. मग सांडून उरलेल्या पाण्यात माझे हात धरते आणि कोपरापर्यंत धुते, घासून घासून. हात धुऊन होतात आणि तुम्ही दारात.

"कोनी उघाडी?" तुम्ही विचारलं.

माय म्हणाली, "मी."

"घाई कोनले व्हती? तुले का भट्टीले?"

मायनं पडलेला हंडा उचलला. मी तिच्या मागं, ओले हात लुगड्याला पुसत. तुम्ही म्हणालात, "बठ्ठं फुटी गयं. आजपासून भट्टीले हात लावू नको." एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. तुम्ही शिव्या आम्हाला द्यायचात, मायला नाही. पण शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसानंतर मायनं भट्टीला हात लावला नाही. भांडी डोक्यावर घेऊन भट्टीपर्यंत यायची, खाली ठेवायची आणि हात मागं बांधून उभी राहायची. तुम्ही रचायचात. दरवर्षी जास्त फुटायची आणि तुम्ही मातीला नावं ठेवायचात, लाकडाला नावं ठेवायचात, वाऱ्याला ठेवायचात. माती चांगली होती, नाना. तुम्हाला भट्टी रचता येत नव्हती. मायला येत होती. ती उभी राहून नुसती बघायची की तुम्ही कुठं चुकताय, आणि संध्याकाळी चुलीपाशी मला राखेत बोटानं काढून दाखवायची. इथं फट ठेवायची. इथं नाही. मी भट्टी अशी शिकले, तिला मनाई झाल्यावर.

तिनं मला त्या दिवसाबद्दल कधी हटकलं नाही. मी एकदा म्हटलं, "माय, नानाले सांगू का?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काय सांगशी? आते फुटेल घागरी जुडतस का?" आणि भाकरी तव्यावर टाकली. मी सुटले असं मला वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं.

माझ्या लग्नात तुम्ही मला मायची बाभळीची थापी दिलीत. ती अजून वापरते, मूठ माझ्या हाताची झाली आहे. आणि ती देताना तुम्ही ह्यांना मांडवात सगळ्यांदेखत म्हणालात, "पोर कामनी शे, पन भट्टीजवळ जाऊ देऊ नका. मायवर गयी शे." लोक हसले. माय पण हसली, पदर तोंडाशी धरून. मी हळदीचे हात घेऊन बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. नवरीनं बोलू नये म्हणून गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. पुढं तुम्ही दवाखान्यात दहा दिवस पडून होतात, तेव्हा काही मी नवरी नव्हते. उशाशी बसून मोसंबी सोलत होते.

सोमवारी भट्टी पुरती उघडली. आठ घागरी धड निघाल्या. दोन दिवसांनी बाया घागरी न्यायला आल्या. हे ओट्यावर बसले होते, मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वहिनी, औंदा पऱ्हाट्या ओल्या होत्या, माल गेला." माझ्याकडं बघितलंही नाही. चांगला माणूस आहे. मला मात्र अंगावर काटा आला, कारण ते बायांकडं बघत होते आणि मी त्यांच्या पाठीमागं उभी होते, हात लुगड्याला पुसत.

मी म्हटलं, "पऱ्हाट्या वाळलेल्या होत्या. भट्टी मी उघडली. लोकं बघत होते म्हणून उघडली."

हे म्हणाले, "कशाला गं?"

"खरं आहे म्हणून," मी म्हटलं, जरा जोरातच. शेजारची म्हातारी, जिची घागर आमच्याच घरची असते, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग मना सासरानी घागर कशामा भरू वं माय? इस्टीलना हंडामा? तो तर स्टीलमाईन पानी पिनार नही, जित्ता व्हता तवय बी नही पिना." बाया हसल्या. मग एकीनं तोंड वाकडं केलं, आणि तिचं बरोबर होतं. ज्यांच्या घरात या वर्षी माणूस गेलं होतं, ज्यांची पहिलीच घागर होती, अशी सात घरं निघाली. त्यांना सात दिल्या. बाकीच्यांना मीच समोरच्या कुंभाराच्या दारात नेऊन उभं केलं. त्या आता पुढच्या वर्षी माझ्याकडं येतील की नाही, सांगता येत नाही. सासूनं जपलेली घरं माझ्या हातून गेली असं म्हणा. मॅडम परत आल्या होत्या, पुढच्या वर्षीचं विचारायला. मी म्हटलं, या, पण भट्टी मी म्हणेन तेव्हा उघडेल. त्या बरं म्हणाल्या, आणि पाटीवर माझंही नाव घालू म्हणाल्या. घाला, म्हटलं. पाटी काय, पुठ्ठ्याची आहे.

राहिली एक घागर. तुम्हाला भाऊ-पोरगा नाही, जळगावचं घर बंद आहे, म्हणून दर आखाजीला इथं मीच तुमच्या नावानं घागर भरत आले. लेकीनं भरू नये म्हणतात, पण हे म्हणाले भर, तहान काय लेक-मुलगा बघते. बारा वर्षं तुमची भरली. मायची निराळी कधी भरली नाही, तुमच्यातच तिचं पाणी धरायचे.

या वर्षी ती एक होती ती मायच्या नावानं भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. तुमची राहिली. रागवायचं तर रागवा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच लिहायला जमलं. टाकायचं असतं तर याही वेळी मी पऱ्हाट्या ओल्या होत्या असंच लिहिलं असतं.