बाटल्यांवरचे चार आकडे

३ ऑक्टो. ९५, फैजपूर
माझ्या हातचं, एड्सच्या कामासाठी, आजपर्यंत : ड्रायव्हरांना दाखवायचे बारा चित्रफलक. निरोधची पत्र्याची पेटी. रक्ताच्या बाटल्यांचा लाकडी स्टँड, वीस भोकं, एकही सैल नाही. शिक्षण चौथी, धंदा ट्रक रंगवायचा. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्टँड उलटा करून पाहिला. म्हणे, "कुठून आणलात?"

६ ऑक्टो.
केळीच्या गाड्या भरतात तिथेच तपासणी. अठरा ड्रायव्हर आले, माझ्या शब्दावर. बाई म्हणाल्या, बाटलीवर नाव नको, नंबर टाका. एक-दोन-तीन टाकले की घोळ होतो. मी ज्याच्या त्याच्या गाडीचे शेवटचे चार आकडे टाकले. विसरायला नको. बाईंना विचारलं नाही.
रक्त पुण्याला गेलं. तिथे त्याचं आणखी काय काय करतात, कोण जाणे.

१९ ऑक्टो.
पुण्याची चिठ्ठी : तीन नंबरांनी पुन्हा रक्त द्यावं. ते तीन नंबर कागदावर ठळक लिहून दुकानाच्या दाराला लावले.

२३ ऑक्टो.
त्या तिघांतल्या सलीमला मालकाने गाडीवरून उतरवलं. नऊ वर्षं दिल्लीला केळी नेणारा माणूस. मालकाला कळलं कसं? पुणेवाल्यांनीच फोडलं, दुसरं कोण. इतकं गोड बोलतात तेव्हाच...
सलीम दुकानी आला, बसला नाही. "नाना, तुम्हीच सांगितलं व्हतं ना, कोनाले समजनार नाही?"

२६ ऑक्टो.
बाई आल्या. मी सरळ विचारलं, "नावं कुणाला दिलीत?"
त्या दारावरचा कागद वाचत होत्या. "आमच्याकडे नावं नाहीतच, नाना. हे आकडे कुठले?"
सांगितलं. मालक रोज याच दारावरून जातो. स्वतःच्या गाडीचा नंबर कोण ओळखणार नाही?
कागद काढला. सात दिवस होता.

२७ ऑक्टो.
यावलला, सलीमच्या घरी. चूक माझी, असं तोंडाने म्हटलं. तो म्हणे, "मंग मालकाले सांगा, नंबर चुकीचा टाकला व्हता. तुमचं ऐकीन तो." तोवर दुसरं रक्त देणार नाही.
नंबर चुकीचा. आणि मी टाकलेला.

२९ ऑक्टो.
मालकाला तसं सांगितलं. तो हसला. "तुमचा आकडा चुकला, नाना? माझ्या गाड्यांच्या नंबरपाट्या बारा वर्षं तुम्हीच लिहिता. कुणाला सांगता?"
मग आवाज उतरवून : "पुढच्या तपासणीत माझ्या ड्रायव्हरांतले कोण निघतात, ते मला आधी कळवा."
सलीमचं दुसरं रक्त अजून बाकी.
त्याच्या बदल्यात तो देत होता आणि मी नाही म्हटलं ते काम : अकरा ट्रक रंगवायचे, मागच्या फाळक्यापासून केबिनपर्यंत, रु. बावीस हजार रोख.