ढील

सोमवार, ३ तारीख
बोटींवर राबणाऱ्या माझ्या गड्यांनो, आपली झोप चोरली जाते आणि आपण जांभई देऊन गप्प बसतो. ही वही सभेत वाचून दाखवायची म्हणूनच लिहितोय. आज हौशी मासेमारांच्या बोटीवर रुजू झालो. बोट चकाचक, समुद्र शांत, मन खूश. कप्तान, मी, बोट भाड्याने घेतलेले दातांचे डॉक्टर आणि आचारी. आचाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मामा आधीच्या फेरीवरून पहाटे आले आणि सकाळी पुन्हा निघाले. मी कामाच्या तासांचा विषय काढला तर म्हणाले, पुढारी, मासे भाषणाला येत नसतात, आमिष लावा.

मंगळवार, ४
खोल पाण्यातल्या खडकावर नांगर टाकला. डॉक्टरांच्या गळाला दिवसभर काही लागलं नाही. निघताना नांगर उचलेना. ओढायचं यंत्र जळालं, मग हातांनी ओढला. वीस हात दोर वर आला आणि तेवढाच परत गेला. कप्तान म्हणाले, खडकात फसलाय, होतं असं.

बुधवार, ५
सकाळपासून ओढतोय. दोर सैल पडतो, आम्हाला हुरूप येतो, मग हिसका बसून सगळा जातो. इंजिन लावलं, बोट थोडी पुढे गेली आणि अलगद मागे आली. वायरलेसवर नुसती खरखर. दोर कापा म्हणालो. नांगर गमावून परतलेल्याला मालक पुन्हा बोट देत नाही, असं कप्तानांचं म्हणणं. इतका ओरडलो की घसाच बसला.

गुरुवार, ६
दोर सैल. ढीगभर वर घेतला. ते बघून डॉक्टरांनी दोरावरचे हात काढले.
"दमवतंय आपल्याला. ढील द्यायची, ओढायचं, पुन्हा ढील. तीस वर्षं गळ टाकून मी हेच करतोय, वरच्या टोकाला."
आम्ही ओढणं थांबवलं. तेव्हा खालून ओढायला सुरुवात झाली.

शुक्रवार
बोटीचं नाक पाण्याला टेकलंय. डॉक्टर हलवूनही उठत नाहीत. कप्तान 'काप' म्हणाले आणि तिथेच आडवे झाले. मला हात उचलवत नाहीत — पेन्सिल तेवढी पेलते —

मामा, जागे तुम्हीच आहात. आवाज नाही म्हणून हे पान तुमच्यापुढे ठेवून लिहितोय. तुमची मोठी सुरी घ्या. पुढे जा. आत्ता — बसू नका, मामा, डोळे मिटू नका — दोर का