कमल राणे हिच्या नावाचा कागद

मी, जयवंत शामराव घाडीगावकर, वय वर्षे चोवीस, धंदा सध्या काही नाही, राहणार करी रोड, दुसरा मजला, खोली नंबर एकोणतीस, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली न येता, शुद्धीवर राहून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल चाळीत दुमत आहे. पण आज सकाळपासून मी कुणाशी भांडलेलो नाही, एवढा पुरावा पुरे व्हावा.

परवा मी सीमाभागातल्या सत्याग्रहाच्या तुकडीबरोबर निघतो. तिकडे लाठी चालेल, कदाचित गोळीही. तुकडीप्रमुखांनी प्रत्येकाला घरी निरवानिरव करून यायला सांगितलं आहे. माझ्याकडे निरवण्यासारखं फार नाही. एक गोष्ट मात्र आहे, आणि ती माझ्या मागे चुकीच्या हाती पडता कामा नये.

कलम पहिलं. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्राखाली, एक छापील इंग्रजी कागद आहे. त्यावर कै. कमल बाबाजी राणे, माझी शेजारीण, हिचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि मृत्यूची तारीख माझ्या अक्षरात भरलेली आहे. हा कागद गिरगावातल्या हॅन्सन साहेबांकडे कुणीही देऊ नये. रमाकांत, तू माझा दोस्त आणि या मृत्युपत्राचा साक्षीदार, तुला खास सांगतो. माझी शेवटची इच्छा समजून तू धावत जाशील, म्हणून सांगतो. साहेब पुढल्या महिन्यात बोटीने अमेरिकेला परतत आहेत. कागद त्यांच्या सामानात गेला की परत आणता येणार नाही.

कलम दुसरं. वडिलांना माझं घड्याळ आणि माफी. वडील चौतीस वर्षं गिरणीच्या सांच्यावर उभे राहिले ते मी खुर्चीत बसावं म्हणून. मी ज्युनिअर बी.ए.च्या परीक्षेआधी माटुंग्याचं कॉलेज सोडलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मोर्चा संध्याकाळी असतो ना रे? मग सकाळी काय करतोस?"

कलम तिसरं. पितळी किटली आनंदाला, जो खाली चहाचं दुकान चालवतो आणि ज्याने मी किरिस्ताव झालो अशी बातमी जिन्याजिन्यावर पोहोचवली. आनंदा, तुझ्यामुळे आईने तीन दिवस माझं ताट वेगळं ठेवलं. ते मी विसरलेलो नाही. तरी किटली तुलाच. तिच्यासोबत ही उत्तरंही घे, म्हणजे गिऱ्हाइकांना खरं सांगता येईल.

हॅन्सन साहेब गिरण्यांत नवी यंत्रं बसवायला आलेले इंजिनियर. गिरगावात चौपाटीजवळ राहतात. त्यांच्या बाईंना मराठी शिकवायला मी दर रविवारी जात असे. ही मंडळी मॉर्मन. ख्रिस्ताला मानतात, पण बाकीच्या ख्रिश्चनांत त्यांची गणती नेहमी होत नाही.

त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी सात-आठ माणसं जमतात. मूर्ती नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही. टेबलावर पांढरं कापड. गाणं चालू असताना पाव हाताने तोडतात. मग एकजण गुडघे टेकून नेमून दिलेली प्रार्थना म्हणतो. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. साहेबांचंच एकदा चुकलं, तर लाल होऊन परत सुरुवात केली. पाव फिरतो, मग पाणी छोट्या पेल्यांतून. दारू नव्हे, पाणी. ख्रिस्ताच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून, आणि आपण दिलेला शब्द पुन्हा नवा करायला. मी ताटली दर वेळी काही न उचलता पुढे सरकवली. कुणी भुवई उंचावली नाही. आनंदा, हे नीट वाच.

पगारी पुजारी नाही. ज्याला सांगतील तो उठून बोलतो, बायकाही बोलतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांना. साबुदाणा वगैरे नाही, उपास म्हणजे उपास. चहा, कॉफी, तंबाखू, दारू वर्ज्य. तू विचारलं होतंस, "चहा नाय? मग ही माणसं उठतात कशासाठी?" मी साहेबांना तसंच विचारलं. ते म्हणाले, "मलाही कधी कधी हाच प्रश्न पडतो."

चार बायकांचं विचारशील. पणजोबांच्या काळी होतं, साठ-सत्तर वर्षांपूर्वी बंद झालं. आता कुणी केलं तर बाहेर काढतात.

त्यांच्या पंथाची सुरुवात अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलापासून. तो रानात प्रार्थनेला बसला आणि त्याला देवबाप आणि ख्रिस्त दोघेही दिसले, असं ते मानतात. खरंखोटं करणारा मी कोण.

कलम चौथं. हे मी आनंदासाठी लिहीत नाही.

ते असं मानतात की त्यांच्या मंदिरात लावलेलं लग्न मरणाने तुटत नाही. जे मेले, त्यांच्यासाठीही करता येतं. जिवंत माणूस मेलेल्याच्या नावाने पांढऱ्या कपड्यांत पाण्यात पूर्ण बुडी घेतो. त्यानंतर मेलेल्यांचं लग्नही तसंच बांधता येतं. हिंदुस्थानात तसं मंदिर नाही, म्हणून नावं कागदावर अमेरिकेला जातात. अटी दोन. मृत्यूला वर्ष झालेलं हवं, आणि नाव आपल्याच घरच्या माणसाचं हवं.

कमल दोन खोल्या सोडून राहायची. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी परीक्षा दे, मग बोलू." मी परीक्षा दिली नाही. छप्पन्नच्या जानेवारीत संचारबंदी लागली, त्यात तिला विषमज्वर झाला. ताप वाढला त्या दुपारी तिची आई, सुभद्राबाई, डॉक्टरकडे कुणी जाईल का म्हणून माझ्या दारात दोनदा येऊन गेल्या. मी लालबागच्या नाक्यावर हातात दगड घेऊन उभा होतो. तो दगड कुणाला लागला नाही. कमल तिसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला, तर कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी थोडा तरी थांबेल.

वर्ष झाल्यावर मी साहेबांकडून कोरा कागद मागून आणला. जन्मतारीख ठाऊक नव्हती. तेव्हा निवडणूक जवळ आली होती. मी समितीची मतदारयादी काखेत मारून सुभद्राबाईंकडे गेलो आणि यादी तपासतोय असं सांगितलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. "तिचा नाव काढूक इलंस काय रे? रवांदे. एक मत तेवढाच." मी म्हटलं, राहू दे, काढत नाही, फक्त तिची जन्मतारीख द्या. त्यांनी शाळेचा दाखला आणून दिला, वर गूळपाणी दिलं. मी ते प्यालो. नात्याच्या रकान्यात मी लिहिलं, पत्नी.

साहेबांना यातलं काही ठाऊक नाही. कागद द्यायला तीनदा गेलो आणि परत आणला. कारण हॅन्सनबाईंनी एक गोष्ट सांगितली होती. मेलेल्यावर जबरदस्ती नसते. इथे विधी झाला तरी पलीकडे ते माणूस नाही म्हणू शकतं. मला ती नाही म्हणेल याची भीती वाटली, हे इथे मान्य करतो. फाडायलाही दोनदा घेतला. तिचं नाव माझ्या हातून फाटत नाही.

म्हणून हा कागद सुभद्राबाईंच्या हाती द्यावा. ठेवायचा, जाळायचा, की पाठवायचा, ते त्या ठरवतील. तारीख मी फसवून घेतली, ती त्यांची त्यांना परत.

कलम पाचवं. हे आज दुपारी वाढवलं आहे. मेल्यावर माफी मागणं सोपं, म्हणून वरचं सगळं मी सुभद्राबाईंना बसवून वाचून दाखवलं आणि कागदही तेव्हाच दिला. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. कावळ्याचं आलं तेव्हा थांबला.

म्हणाल्या, "तिचा जमला होता रे जयवंता. वेंगुर्ल्याचो झील, गोदीत कामाक. माघात साखरपुडो होतो. 'जयवंताक मीच सांगान' असा कमल म्हणत होता."

मी विचारलं, मग परीक्षा दे असं का म्हणाली?

"तू परीक्षा देवचीस म्हणान."

कागद त्यांनी घडी करून शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवला. मी निघालो तर म्हणाल्या, "तिकडे पुढे पुढे करू नको. तुझ्या आईक दुसरो झील नाय."

तेव्हा पहिल्या कलमाला आता काम उरलेलं नाही, तरी ते तसंच ठेवतो. कॉलेजची पुस्तकं ट्रंकेतच राहू द्यावीत, कुणाला देऊ नयेत. मी परत आलो तर मला लागतील.

पहिल्या कलमात 'माझी' या शब्दापुढे एक शब्द खोडून 'शेजारीण' असा लिहिला आहे. खालचा शब्द वाचता येऊ नये इतका खोडला आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे, आणि ती मी शुद्धीवर असताना केली आहे.

सही: जयवंत शामराव घाडीगावकर

साक्षीदार, ज्यांच्या समोर सही झाली:
१. रमाकांत विठोबा तावडे, राहणार करी रोड
२. माधव सखाराम परब, राहणार नायगाव

मुक्काम मुंबई, रविवार, तारीख १९ ऑक्टोबर १९५८