लांब भोंगा

बाबा, तुमचं इंजिन गेल्या महिन्यात पुरं झालं. वीतभर लांबीचं आहे, पण नागभीडच्या छोट्या लाइनवर तुम्ही जे डिझेल चालवायचा, त्याचं सगळं त्यात आहे. बाजूच्या जाळ्या, कठड्याला पितळी तार, रुळावरची जनावरं बाजूला सारणारी समोरची जाळी, ते काऊकॅचर, तुमच्या खिडकीखालचा पोचासुद्धा. तो मी चमच्याच्या दांडीने पाडला. चंद्रपूरच्या आयटीआयत मी फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवते, त्यामुळे लेथ हाताशी असतो. तरी बरेच महिने गेले, कारण जरा चुकलं की मी तो भाग हातोडीने चेचते आणि पहिल्यापासून करते. आई म्हणते, हात बापाचे घेतलेस. हे ती कौतुकाने म्हणत नाही.

जुन्या इंजिनांचं वेड असलेली काही माणसं नागपूरला जमतात. मीही जाते. वडील ड्रायव्हर होते म्हटलं की म्हणतात, नशीबवान आहात. मी हसते. तुम्ही मला इंजिनात चढवलं होतं ती सकाळ मी त्यांना सांगते, बाकीचं सांगत नाही. शेडमध्ये इंजिन धडधडतंय, डिझेलचा वास नाकात बसलाय, तुम्ही मला एका हाताने उचलून तुमच्या जागेवर उभं करता आणि माझी मूठ भोंग्याच्या दांड्यावर ठेवून वर तुमची मूठ ठेवता. "ओढ पोरी, जोरानं. हे तुह्या बापाचं इंजिन आहे." एवढी मोठी भेट मला पुढे कुणी दिली नाही. त्या मुठीचा मार मी तोवर कितीदा खाल्ला होता, पण त्या सकाळी ती नुसती गरम होती.

आपल्या लाइनीत प्रत्येक ड्रायव्हर घराजवळच्या फाटकावर आपला भोंगा द्यायचा. बायका आवाजावरून नवरा ओळखायच्या आणि तांदूळ चुलीवर चढवायच्या. तुमचे दोन आखूड आले की आई भात ठेवायची. लांब भोंगा आला, थांबतच नाही असा, तर त्या दिवशी वाटेत गाडीखाली काहीतरी आलेलं असायचं. म्हैस, रानडुक्कर, एकदा चितळाचा कळपच. मग आई चूल विझवायची, मला शेजारच्या बाईकडे पाठवायची आणि फुंकणी, मोगरी, लाटणं तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवायची. जे मेलं त्याचा राग तुम्ही आमच्यावर का काढायचात, हे मला आजही कळत नाही. तुमची दया येते असं लोकांना वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. मला तुमचा राग येतो.

मोहफुलांचे दिवस होते. संध्याकाळी फाटकावरून दोन आखूड भोंगे आले. आईने भात ठेवला. मी दारातच गजगे खेळत होते. तुम्ही आत आलात तेव्हा पँटवर गुडघ्यापर्यंत रक्त होतं, त्यात मोहाची फुलं चिकटलेली, आणि तो गोड वास घरभर झाला. भिवापूरच्या अलीकडे वळणावर फुलं वेचणारी एक बाई टोपलीसकट इंजिनाखाली आली होती. तुम्ही स्वतःच्या हाताने तिला काऊकॅचरमधून काढलं होतं. हे आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आईने ताट मांडलं.

"भात काऊन ठेवला?" तुम्ही म्हणालात. "मी आज जेवाले आलो का?"

तुमच्या हातात ड्यूटीचा लोखंडी टॉर्च होता. तो पिंपात लपवता येणारा नव्हता. पहिला वार आईच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने तिचं मनगट मोडलं, ते मोडल्याचा आवाज मी ऐकला. उजव्या कानाने ऐकलेलं ते शेवटचंच, कारण मग मी मध्ये गेले. भाताचं भगुणं लवंडलं, तुम्ही मारत होतात आणि तुमच्या बुटाखाली तो वाफेचा भात चिरडत होता. शेजाऱ्यांनी तुम्हाला ओढून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा असिस्टंट दवाखान्यात आईजवळ येऊन रडला. फाटक आलं तेव्हा तुम्ही इंजिनात खाली बसला होता, डोकं धरून. तुम्ही रोज देता म्हणून त्याने आपल्या हाताने दोन आखूड दिले. वैनी घाबरू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानंतर तुम्ही सुधारलात, असं लिहायला मला आवडलं असतं. सुधारला नाहीत. छाती भरून मेलात तोवर मारत राहिलात.

छोटी लाइन बंद होण्याआधी नागपूरच्या एकाने तुम्ही चालवायचा तसल्याच इंजिनाचा भोंगा रेकॉर्ड करून ठेवला होता. तो मी मागवला, माझ्या इंजिनाच्या पोटात छोटा स्पीकर बसवला, आणि इंजिन पुरं झालं त्या दुपारी हॉलमध्ये बटण दाबलं. रेकॉर्डिंग लांब भोंग्याचं निघालं. मी आनंदाने वेडी झाले होते, बटण सोडेचना. स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही म्हणून आत गेले. आईने भाताखालचा गॅस बंद केला होता. ती आता पार वाकली आहे, तरी ओट्याला धरून, वाकड्या जुळलेल्या मनगटाने तांदळाच्या डब्यात लाटणं खुपसत होती. डबा लहान, लाटणं बाहेरच राहत होतं.

"तू शेजारी जाय," ती मला म्हणाली. "मी आहो इथी."

मी तिला खाली बसवलं. तुम्ही नाही आहात, कधीच मेलात, हे सांगत तिच्याजवळ बसून राहिले. ती म्हणाली, मले ठाऊक आहे, पण हात ऐकत नाईत. मग मी हातोडी घेतली. इंजिनावर उगारलीही होती. तिनेच माझा हात धरला. म्हणाली, याले नको मारू, यानं काय केलं? मग मी स्पीकर तेवढा काढला आणि तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. इंजिन आता टीव्हीशेजारी मुकं उभं आहे, आणि ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. फक्त एक सांगते, आईला माहीत नाही. तो स्पीकर मी डब्यातून परत काढला. तो आयटीआयतल्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. रेकॉर्डिंग कापून मी त्याचे दोन आखूड भोंगे केले आहेत. दुपारच्या सुट्टीत पोरं बाहेर गेली की तो डाव्या कानाला लावते. त्या संध्याकाळी याच आवाजाने आम्हाला फसवलं होतं, हे मी विसरलेले नाही. तरी तो वाजला, बाबा, की मला भूक लागते.