पुरस्कारासाठी एका विद्यार्थ्याचं पत्र

२ ऑगस्ट
संस्थेचा ‘उत्कृष्ट प्राध्यापक’ पुरस्कार यंदा मलाच. पाच सप्टेंबरला वाटप. इकॉनॉमिक्स शिकवायचा एकोणीस वर्षांचा अनुभव, सर्टिफिकेटं बेचाळीस. एकच फालतू अट आहे, माजी विद्यार्थ्याचं पत्र. माझे तर हजारो विद्यार्थी! उद्यापासून नोट्स न बघता शिकवणार.

३ ऑगस्ट
वर्गातला पंखा बंद. घामात असले प्रयोग होत न्हाईत. नोट्स वाचल्या.

९ ऑगस्ट
सहा जणांना फोन केले. तिघांनी कोण सर विचारलं. दोघं मीटिंगमध्ये. निखिल म्हणे, सर, मी सायन्सला होतो. कृतज्ञता म्हणून राह्यली न्हाई.

११ ऑगस्ट, दुपारी
शहागडच्या माऊलीचा नंबर मिळाला. हायवेवर हॉटेल चालवतो. इकॉनॉमिक्सचे सर बोलून राह्यलो म्हटलं तर रडायलाच लागला. तुम्ही व्हते म्हणून ग्रॅज्युएट झालो, म्हणे. मलाही भरून आलं.

१३ ऑगस्ट
चार पानी पत्र आलं. वडलांचा पाय मोडला, माऊलीनं कॉलेज सोडलं, मंग सर दर रविवारी शहागडला जाऊन हॉटेलच्या बाकड्यावर त्याला शिकवत बसले. डाव्या हातानं आकृत्या काढून. मला यातलं काहीच आठवत न्हाई. चांगली माणसं आपण केलेलं विसरतात. मी उजव्या हातानं लिहितो, पण पोराच्या काय लक्षात राहणार.
बायको सरोजिनी म्हणाली, रविवारी तर तुम्ही संध्याकाळी पाचपर्यंत झोपता, आणि डावखुरे तुमचे ते इकॉनॉमिक्सचेच धर्मराज सर, रिटायर होऊन जांब समर्थला गेलेले. सरोजिनीला शिक्षणक्षेत्रातलं कळत न्हाई. फॉर्म जल्दी देऊन आलो.

२९ ऑगस्ट
निवड समितीच्या यशश्री मॅडमचा फोन. पत्र वाचून सगळ्यांचे डोळे भरले, पुरस्कार याच सरांना, म्हणे. सफारी शिवायला टाकला.

३ सप्टेंबर
पत्रिका छापून आली. नाव धर्मराज सरांचं. समितीनं माऊलीला माझा फोटो दाखवून विचारलं, तर हे न्हाईत, धर्मराज सर, म्हणाला म्हणे. तुमच्यामुळे खरा माणूस सापडला, असं प्राचार्य म्हणाले. माझा उद्देश बिलकुल तोच होता, असं सांगितलं.

५ सप्टेंबर
सफारी घालून गेलो. माऊली आल्ता. त्यानं धर्मराज सरांचे पाय धरले ते सोडेचना. लई वाईट वाटलं. कॉलेज सोडायच्या आधी हा माझ्याही वर्गात बसलेला. ओळख द्यायला हसून पुढं झालो. म्हणाला, काका, जरा बाजूला व्हता का, सरांसोबत फोटो काढायचाय.
झालो बाजूला.