दुसऱ्यांच्या माहेरपणाला

एल्म फोर्क, नेब्रास्का
१९ सप्टेंबर १९९४

प्रिय व्हर्लिनदादास,
नेडीनचा सा. न., वि. वि.

तुझा भाचा आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला! कर्टिस रात्रंदिवस शिट्टी गळ्यात घालून फिरतो, जेवतानाही काढत नाही. मी खूश आहे आणि घाबरलेही आहे. तू प्रशिक्षकपद सोडून ॲरिझोनाला गेल्यापासून एकही प्रशिक्षक टिकलेला नाही. हंगाम संपला की मोठ्या शाळेत जातो, आणि दांडगी मुलंही त्याच्यामागे निघतात. उरलीत जेमतेम सोळा. तीच चढाई करणार, तीच बचाव करणार. मध्यंतरानंतर बिचाऱ्यांचे पाय उचलत नाहीत. समोर शेजारच्या मार्लो गावच्या शाळेत बदली खेळाडूंचीच फौज बसलेली.

त्यात यंदा चार शाळांनी आपल्याला त्यांच्या होमकमिंगला बोलावलंय. त्यांचे जुने विद्यार्थी माहेरपणाला जमणार, मुलामुलींतून निवडलेल्या राजाराणीला मुकुट चढणार, आणि हरायला हक्काचे आपण. मार्लोहून आलेली ती बर्निस आठवते? मला दुकानात विचारत होती, तुमची पोरं येताना केकही घेऊन येतात का. मी तिच्याकडची अंडी बंद केली आहेत.

एकही सामना जिंकला नाही, तर संघ मोडून मुलांना मार्लोकडे खेळायला पाठवायचं, असं शाळेच्या मंडळाने ठरवलंय. कर्टिस मामाला विचारायला लाजतो. म्हणून मी विचारते. काही सुचव.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी नेडीन


टूसॉन, ॲरिझोना
२७ सप्टेंबर

प्रिय नेडी,
अ. आ.

इथल्या कोरड्या हवेत दमा बरा आहे. तुझ्या पत्राने मात्र धाप लागली.

कर्टिसला म्हणावं, नवे डाव शिकवू नकोस. दरवर्षी नवा माणूस येतो, जुन्या डावांना नवी नावं देतो, मुलं खेळायचं सोडून नावं पाठ करत बसतात. त्यांना जे येतं तेवढंच घोटून घे.

आणि होमकमिंगचं रडतेस कशाला? ते तर घबाड आहे. त्या दिवशी मध्यंतर दुप्पट लांबतं. त्यांचे सगळ्यात चांगले खेळाडूच राजा व्हायला उभे असतात. आईचा हात धरून, घामेजल्या अंगाने, थंडीत, फोटोसाठी. आपली मुलं तेवढा वेळ आत पाय वर करून पडू शकतात. पहिल्या अर्ध्यात चेंडू हातात धरून सावकाश खेळा, दुसऱ्यात धावा. मला कुणी कधी माहेरपणाला बोलावलंच नाही, नाहीतर मीच हे केलं असतं.

बर्निसची अंडी परत सुरू कर. मुलांना लागतील.

तुझा
दादा


एल्म फोर्क
१५ ऑक्टोबर

प्रिय दादास,
सा. न. उड्या मारत, वि. वि.

फोन केला असता, पण घसा पार बसलाय. जिंकलो! मार्लोला, मार्लोच्याच होमकमिंगला!

आधीचे तिन्ही सोहळे हरलो होतो, तेव्हा उरला होता हाच सामना. मध्यंतराला त्यांचे गुण सहा, आपले शून्य. मग त्यांच्या महापौरांचं भाषण, मग बँड, मग राणीचा मुकुट केसांत बसेना. त्यांचा कर्णधारच राजा झाला, आणि त्याच्या वडिलांच्या कॅमेऱ्यातली फिल्म तेवढ्यात संपली! सगळे नवी फिल्म येईपर्यंत वाऱ्यात उभे. आपली पोरं आत जमिनीवर आडवी, पाय बाकांवर, तोंडात संत्र्याच्या फोडी. परतली ती वासरं सुटावीत तशी. राजेसाहेबांच्या पोटऱ्यांत गोळे आले. चौदा-सहा! मी मागच्या बाईला मिठी मारली, तर ती बर्निस निघाली. मार्लोची असून तीही रडत होती. तिचा नातू आपल्याकडून खेळतो हे मी विसरलेच होते.

मंडळाने संघ ठेवलाय. दोन मुलं परत येऊ का म्हणून विचारून गेली. फक्त एक गोची झाली: पुढच्या वर्षासाठी एकाही शाळेने आपल्याला होमकमिंगला बोलावलेलं नाही. आता आपलंच करावं लागणार. कुणाला बोलवायचं, यावर मंडळात वाद सुरू झाला, सगळे एखादी दुबळी शाळा शोधू लागले. तेव्हा कर्टिस उठला आणि म्हणाला, “मामा येणार असेल तर मार्लोलाच बोलवू. पण मध्यंतर आखूड ठेवायचं.”

तेव्हा दादा, माहेरपणाला ये. खोली झाडून ठेवते.

तुझी
नेडी